पाव्हण्याचा उपास

पाव्हण्या, तुला मातीत घालून घरी आलो, आंघोळ केली, दोन भाकरी खाल्ल्या आणि ढाराढूर झोपलो. अशी झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती. दिवेलागणीला बायकोनं हलवून उठवलं. "अहो, घरातलं कुणी गेल्यावर माणसाला झोप येत न्हाई, आणि तुम्ही तर घोरून राह्यलेत," म्हणाली. तिचं बराबर होतं. मला वाईट वाटत होतं, पण त्याच्याखाली दुसरंच काहीतरी होतं, आणि ते तुला सांगायला मला लाज वाटत नाही. मी सुटलो होतो रे. तू कुणाच्या काठीनं नाही, दगडानं नाही, माझ्या हातानं तर नाहीच नाही, आपल्या जागेवर, कोवळ्या उन्हात पडल्या पडल्या गेलास. आणि मी लोकांना दिलेल्या जबानीतून मोकळा झालो.

ती जबान कसली, हे तुला कुणी सांगितलं असणार नाही. मीच सांगतो. पण आधी तू आलास कसा, ते सांगू दे, कारण तुला तेही आठवत नसणार.

आष्टीकडच्या एका शेतकऱ्याचा फोन आल्ता. मी बियाण्याच्या कंपनीत सुपरवायझर होतो तेव्हा त्याच्या रानात आमचा कपाशीचा प्लॉट असायचा, ती ओळख. "सायेब, तुमी आता त्या सेठजीच्या पांजरपोळात असता ना? एक पिल्लू हाय. मेंढके मारून राह्यलते, म्या हिसकून घेतलं."

"कशाचं पिल्लू?"

"तेच तर कळंना मला!"

मी नोकरीतून नुकताच मोकळा झालो होतो. घरात बसून बायकोशी भांडण्यापेक्षा बरं म्हणून सेठजींच्या पांजरपोळाची देखभाल अंगावर घेतली होती. शहागडच्या अलीकडे, हायवेपासून थोडं आत, माळावरची जागा. म्हातारे बैल, एक आंधळी म्हैस, गाडीखाली पाय गेलेली कुत्री, धन्यानं सोडून दिलेली गाढवं, अशी सगळी टाकलेली जनावरं तिथं मरेपर्यंत सुखानं राहायची. सेठजींची नवीन जालन्यात अडत. त्यांचे वाडवडील कधीकाळी राजस्थानातून आले, पण सेठजी अस्सल जालन्याचे. मराठी आपल्यासारखीच, फक्त राग आला की मारवाडीत शिरतात. जैन माणूस, मुंगीवर पाय पडला तरी हळहळणारा.

तू कांद्याच्या गोणीत, मोटारसायकलच्या हँडलला लटकून आलास. बाहेर काढला तर वीतभर मातकट गोळा, एक कान उभा, एक पडलेला. दुसरं पिल्लू असतं तर केकाटलं असतं. तू ओठ मागं घेतलास, पांढरे तांदळाएवढे दात दाखवलेस आणि माझ्याकडं असं बघितलंस, जसं काही गोणीतून मी आलोय. जनावरांच्या डॉक्टरांनी तुला उलटापालटा केला आणि म्हणाले, "आई लांडगीण आणि बाप गावातला कुत्रा. संकर आहे, साहेब."

मग तुझा धनी कोण, ह्यावर जी मजा झाली! वनखात्याला कळवलं. त्यांचा माणूस आला, चहा प्याला, तुझ्याकडं लांबून बघितलं आणि म्हणाला, "हे कुत्रं हाय, आमच्याकडं येत न्हाई." मग कुत्री धरणाऱ्यांना बोलावलं. ते म्हणाले, "बाबो! हा तर लांडगा. ह्याला हात लावला तर आम्ही आत जाऊ." दोघांनीही हात झटकले. सेठजी पोट धरून हसले. "जाधवसाहेब, कोणाचाच नाही म्हणजे आपला. वरून काही हुकूम येईस्तोवर पाव्हणा समजा. दोन-चार दिवसांचा तर सवाल आहे."

हुकूम आजतागायत आलेला नाही. तू राहिलास, नाव तेवढं चिकटलं.

आता माझा धंदा काय होता ते सांगतो, म्हणजे मी तुझ्याकडं कसा बघायचो ते कळेल. संकरित बियाणं तयार करायचं म्हणजे मोठी किचकट गोष्ट. संध्याकाळी बाया मादीच्या ओळीतल्या कळ्यांचे पुंकेसर खुडून ठेवतात, सकाळी त्यावर नराची फुलं घासतात. आणि सुपरवायझरचं काम काय, तर प्लॉटमधून फिरायचं आणि भेसळीचं झाड दिसलं की उपटायचं. जरा पान वेगळं, जरा बोंड वेगळं, की उपट. शेतकरी गयावया करायचा, "सायेब, बोंडं लगडलेत हो, राहू द्या ना एवढं," तरी उपट. ह्या कामात माझा हात कधी थरथरला नाही. जाधव सुपरवायझर बोलला म्हणजे केलंच, असं गावोगाव माझं नाव. आणि तू तर नखापासून शेपटापर्यंत भेसळ! पण मला वाटायचं, ह्याच्या अंगातलं कुत्रं कधी ना कधी वर येणारच. भाकरी खाऊ दे, माणसाचा हात लागू दे, मग बघू. म्हणून मी तुला पहिल्या दिवसापासून कुत्रा म्हणायचो. कुणी लांडगा म्हटलं की माझं डोकं फिरायचं.

आणि तसं म्हणणारी एकच होती. कौसाबाई. कुंपणाला लागून तिचं वावर. नवरा गेलेला, मुली सासरी, एकटी बाई शेळ्या राखून राहते. तोंड मात्र असं की हायवेवरचे ट्रकवालेसुद्धा तिच्या बांधाजवळून हॉर्न न वाजवता जातात.

"सायेब, लिहून घ्या मह्याकून. लांडगा हाय ह्यो. भुकतो का? न्हाई. शेपूट हालवितो का? न्हाई. बोलविल्यावर येतो का? न्हाई. मंग कुत्रं कशानं?"

"कौसाबाई, त्याचा स्वभाव अबोल आहे."

"अबोल! अबोल तर मव्हा नवरा व्हता. ह्यो दबा धरून बसलाय."

हा वाद आमचा कित्येक वर्षं चालला. सकाळी चहा घ्यावा तसा. आणि लेका, तुला एका मिनिटात निकाल लावता आला असता. एकदा भुंकायचं होतंस. फक्त एकदा, माझ्या इज्जतीसाठी. एरवी तर मी गेटात आलो की पांजरपोळातली झाडून सगळी कुत्री माझ्या अंगावर उड्या मारायची, आणि तू कोपऱ्यातून एक नजर टाकून मान फिरवायचास. मी तुला किती शिव्या घातल्यात! "खाऊन खाऊन माजलास, जरा शेपूट हलवलं तर झिजंल का?" तू ढिम्म. एकदा मात्र हायवेवरून अँब्युलन्स गेली. तिचा भोंगा ऐकला आणि तू मान वर केलीस, डोळे मिटलेस आणि असा लांबलचक सूर लावलास की आंधळी म्हैससुद्धा उठून उभी राहिली. बांधावरून लगेच आवाज आला, "ऐकलं का सायेब? कुत्रं भुकून राह्यलंय तुमचं!"

हसतोयस ना? हस. त्या दिवशी मी जेवलो नव्हतो.

आता त्या जबानीचं. तू वर्षाचा झालास, छाती भरली, मानेवर केस आले, आणि गाव आमच्याकडं बघायला लागलं. शेळ्यामेंढरांवर जगणारं गाव, त्यांचं चूक नव्हतं. मारुतीच्या देवळापुढं बैठक बसली, मला बोलावलं. कुणी म्हणालं लेकरं त्या वाटेनं शाळेत जातात, कुणी म्हणालं मेंढरं कुठं चारायची. इथवर मी ऐकून घेतलं. मग मागून एक जण म्हणाला, "सेठला पुण्य लागतंय अन् नुकसान आपलं हून राह्यलंय." झालं. माझ्या रागावर औषध अजून निघालेलं नाही. मी ताडकन उठलो आणि म्हणालो, "ज्या दिवशी हा कुणाच्या जनावराला तोंड लावंल, त्या दिवशी डॉक्टरला बोलावून मी स्वतःच्या हातानं ह्याला संपवीन. जाधवची जबान हाय ही. अजून काही?"

लोक उठून चपला घालायला लागले. त्यातल्या निम्म्या लोकांच्या रानात मी झाडं उपटली होती, माझ्या जबानीची किंमत त्यांना ठाऊक होती. गर्दीत कौसाबाई होती. ती तेवढी हळूच म्हणाली, "लई मोठं बोलला, सायेब."

सेठजींच्या कानावर गेलं तेव्हा ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "ह्या जागेत जीव वाचवायला आपण बसलोत. हे काय बोलून आलात तुम्ही?" बोललो ते बोललो. पण त्या दिवसापासून माझ्या जिवाला घोर लागला. तुझ्यासाठी आत वेगळं कुंपण घातलं, त्याची कडी लावायची, वर तार पिळायची, घरी गेल्यावर रात्रीच्या राखणदाराला फोन करून पुन्हा विचारायचं, "कडी लावली का?" कुठं शेळी ओरडली की आधी तुझ्या कुंपणाकडं पळायचं. लग्नाला गेलो तर पंगतीत चित्त नाही. बायको म्हणायची, "जवान पोरगी घरात असल्यावानी करून राह्यलेत तुम्ही." पोरीचं परवडलं असतं.

आणि हे कधी बोललो नाही, आज बोलतो. मी तुला भ्यायचो. तुला खायला घालायचो, घासायचो, तुझ्या कानातले गोचीड काढायचो, आणि सारा वेळ आतून भ्यायचो. तुझ्या पुढच्या पायात बाभळीचा काटा मोडला होता, आठवतं? पाय सुजून भोपळा झालेला, डॉक्टर अंबडला गेलेले. मी चिमटा घेऊन बसलो. काट्याला चिमटा लागला आणि तू माझं मनगट तोंडात धरलंस. चावला नाहीस. नुसतं धरलंस. दात मला लागत होते, घाम माझ्या कपाळावरून तुझ्या तोंडावर टपटप पडत होता. मी काटा ओढत राहिलो, तू मनगट धरून राहिलास. काटा निघाला तेव्हा तू मनगट सोडलंस, पाय चाटलास आणि माझ्याकडं पाठ करून, माझ्या मांडीला टेकून झोपलास. मी तिथंच रडलो. भीती मात्र गेली नाही. तीसुद्धा मांडीला टेकूनच बसली म्हण.

तुझ्या खाण्यावरून सेठजींचं आणि माझं जे भांडण झालं, ते तर तुझ्यासमोरच झालं. सुरुवातीला सेठजींनी तुला दूध-भाकरी, खिचडी, तूप, पनीरसुद्धा खाऊ घातलं. तू खायचास, पण अंगाला लागेना, फासळ्या दिसायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, मांस पाहिजे. सेठजी म्हणाले, पांजरपोळात मांस? बिलकुल नाही. मी म्हणालो, मग उपाशी मारायचं का, ते कुठल्या धर्मात बसतं? चांगलीच जुंपली. शेवटी त्यांनीच तोड काढली. "गेटाच्या आत माझी हद्द. रस्त्यापलीकडच्या बाभळीखाली काय चालतं ते मला दिसत नाही, मला मोतीबिंदू आहे." त्या वेळी त्यांना मोतीबिंदू वगैरे काही नव्हता. तेव्हापासून मी शहागडहून कोंबड्यांचे पाय-मुंड्या आणायचो, तुला साखळीनं रस्त्यापलीकडं न्यायचो, तू खायचास, मी तुझं तोंड पाण्यानं धुवायचो आणि मग आत. सेठजी असले तर गेटाकडं पाठ करून गाढवांशी गप्पा मारायचे. असला मालक कुठं मिळायचा नाही, पाव्हण्या.

मग ते वर्ष आलं. भादव्यात पर्युषण असतं, जैनांचे उपासतापासाचे आठ दिवस. दरवर्षी त्या दिवसांत सेठजी बाभळीचं नावसुद्धा काढायचे नाहीत, मी गुपचूप माझं काम करायचो. त्या वर्षी सेठाणीबाईंची तब्येत नाजूक, तरी त्यांनी आठही दिवसांचा कडक उपास धरलेला, नुसत्या गरम पाण्यावर. सेठजींच्या मनानं घेतलं की तेवढे दिवस आपल्या नावानं कुणाच्याही तोंडी मांस जाऊ नये. माझ्यापुढं हात जोडून म्हणाले, "जाधवसाहेब, फक्त आठ दिवस. दूध पाहिजे तेवढं पाजा, तूप घाला." ह्या माणसानं मला कधी काही मागितलं नव्हतं. मी हो म्हणालो. आठ दिवसांनी काय होतंय, असं वाटलं.

तू पहिल्या दिवशी दूध-भाकरी खाल्लीस. दुसऱ्या दिवशी खाल्लीस आणि माझ्याकडं बघत राहिलास. मग रोज संध्याकाळी बाभळीच्या वेळेला तू कुंपणाशी येऊन उभा राहायचास, मी तुझ्याकडं बघायचंच टाळायचो. सातव्या दिवशी दुपारी मी जालन्याहून पेंड घेऊन आलो तर तुझ्या कुंपणाची कडी उघडी. तार निघालेली. मी पेंडीचं पोतं तिथंच टाकून धावलो. आत बघतो तर तू आपल्या जागेवर, निवांत झोपलेला. तोंड बघितलं, स्वच्छ. पाय बघितले, ओला चिखल, तेवढाच. संध्याकाळी दूध-भाकरी ठेवली तर तू वास घेतलास आणि तोंड फिरवलंस.

आणि तेवढ्यात कौसाबाई गेटात. तिची काळी शेळी परतली नव्हती.

माझं काय झालं असेल ते तुला कसं सांगू? डोळ्यांपुढं डॉक्टरची पिशवी आली, मारुतीचं देऊळ आलं. मागोमाग गावातली चार पोरं काठ्या घेऊन आली. मी कौसाबाईला म्हणालो, "खरं सांगा. तुम्ही म्हणाल तसं मी करीन. जबान देलीय मी."

ती तुझ्याकडं बघत होती. मग पदर खोचला आणि त्या पोरांवरच धावून गेली. "काय तमाशा लावलाय? शेळी मही हाय, बोंब मी मारीन, तुमी कोण? हायवेला गेल्ती ती. ट्रकवाल्यानं टाकली आसंल गाडीत. जा घरी, ढोरं पाजायची टाईम झालीय!" पोरं पांगली. माझ्याकडं वळून म्हणाली, "सायेब, कडी नीट लावत जा." आणि गेली.

मी आधी तुझी कडी लावली, तार पिळली. आणि मग मला जे स्फुरण चढलं! कडी उघडी, भुकेनं पोट पाठीला लागलेलं, शेजारी शेळ्या, आणि तरी माझा पठ्ठ्या जागचा हलला नाही! दुसऱ्या दिवशीही तू दुधाला शिवला नाहीस. तोच पर्युषणाचा शेवटचा दिवस, त्या दिवशी जैन लोक सगळ्या जिवांची माफी मागतात. सेठजी आले, तुझ्यापुढं हात जोडून उभे राहिले. "पाव्हण्या, तुला तकलीफ दिली, माफ कर." मी सांगितलं की शेवटचे दोन दिवस ह्यानं दुधालाही तोंड लावलं नाही. सेठजींच्या डोळ्यांत पाणी आलं. तू मोठी जांभई दिलीस.

झालं, बातमी नवीन जालन्याच्या सगळ्या अडतीत पसरली. सेठजींच्या लांडग्यानं पर्युषणात उपास केला! बाया मोटारी करून तुला बघायला यायच्या, लांबून हात जोडायच्या. आणि मी! मी तर त्या गोष्टीवर वर्षानुवर्षं जगलो. जो येईल त्याला सांगायचो, तिखटमीठ लावून. कौसाबाई बांधावर असली तर मुद्दाम मोठ्यानं, "बघा, कुत्राच तो, लांडग्याला असली अक्कल असती का?" ती एक शब्द बोलायची नाही. शेळ्या हाकलत निघून जायची. मला वाटायचं, हरली बाई.

तुझं म्हातारपण मी बघितलं, त्याबद्दल देवाचे आभार मानतो. तुझ्या तोंडावर पांढरे केस आले, मागचे पाय ओढायला लागलास, मुंड्या चावेनात म्हणून मी त्या कुटून द्यायला लागलो. डॉक्टर एकदा म्हणाले, फार दुखत असेल तर झोपेचं इंजेक्शन देता येतं. सेठजींनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, दुखण्यावरचं द्या, झोपेचं नको. माझ्या ह्या हातानं किती उपटलंय, पण तुला नाही, गड्या. तूच मग आम्हाला फार दिवस ताटकळत ठेवलं नाहीस. सकाळी ऊन पडलं, तू घसटत घसटत उन्हात आलास, हनुवटी पुढच्या पायांवर टेकवलीस. मी गाढवांना चारा टाकून येईतोवर तू गेलेला. सेठजींनी तुझ्या कानात नवकार मंत्र म्हटला. खड्ड्यात मीठ टाकलं, तुला ठेवलं. घरी आलो आणि झोपलो, ते तुला सांगितलंच.

पण काल कौसाबाई आली.

तुझ्या मातीपाशी बसली. तिथले चार खडे वेचून बाजूला टाकले. मग म्हणाली, "सायेब, ती जबान तुमची. आता संपली का ती?"

"संपली की. तोच गेला, आता कसली जबान."

"नक्की ना? आता मागून काही करणार न्हाई?"

"मेलेल्याला काय करणार मी, कौसाबाई?"

"मंग सांगते. मही ती काळी शेळी ट्रकवाल्यानं न्हाई नेलती. ह्यानंच पाडली व्हती. ओढ्यात. म्या मह्या डोळ्यानं बघितलं."

तिनं बोटानं कुंपणामागचा ओढा दाखवला.

"काठी घिऊन पळाले मी, पर तवर शेळी गेल्ती. मंग काय, बसले बांधावर. ह्यो खाऊन राह्यला, मी बघून राह्यले. एकदा मान वर करून बघितलं मह्याकडं. गुरकला न्हाई. लई भुकेला व्हता, सायेब. खाल्लं, ओढ्यात तोंड घालून पाणी पिला, आन आपल्या पायानं आत जाऊन झोपला. उरलंसुरलं म्या दगडमातीखाली दाबलं."

"काहून सांगितलं नाही मला?"

"सांगून काय झालं असतं? तुमी त्याच दिवशी डॉक्टर आणला असता. तुमचं डोकं मालूम न्हाई का मला? बोललेलं गिळणारा माणूस न्हाई तुमी. मंग तो मेला असता, आन त्याच्या मागं झुरून झुरून तुमी. एका शेळीपायी दोन जीव कशाला घालवायचे? आन उपाशी तर तुमीच ठिवलं व्हतं त्याला, त्याचं काय चुकलं?"

मी तुझ्या मातीवर हात टेकला. तीच पुढं म्हणाली, "तुमी ते उपासाचं सांगायचे ना लोकायला, तव्हा मह्या पोटात कळा यायच्या बगा. बोलता येईना, गिळता येईना!" आणि मग इतक्या वर्षांचं एकदम बाहेर पडलं. मांडीवर थाप मारून म्हणाली, "म्या म्हणलं व्हतं का न्हाई? लांडगा हाय म्हणून? व्हतं का न्हाई म्हणलं?"

"म्हणलं होतं, कौसाबाई."

"मंग!"

मी हसायला लागलो. हसता हसता रडायला लागलो, आणि ती बाई मला शिव्या घालत माझ्याबरोबर रडली. मला वाटत होतं, तू गेलास म्हणून मी सुटलो. ते खोटं निघालं. मी तर सुटलो होतो त्या सातव्या दिवशीच, तिनं पदर खोचला तेव्हा, आणि मला पत्ताच नव्हता. एवढी वर्षं मी उगाच तार पिळत बसलो. ज्या बाईला मी रोज हरवत होतो, तिनं माझी जबान आणि तुझा जीव दोन्ही पोटात ठेवून शेळ्या राखल्या. तिचे आभार मानायला गेलो तर म्हणाली, "राहू द्या, चहा पाजा."

सेठजी तुझ्या जागेवर दगड बसवणार आहेत. त्यावर उपासाचं लिहायचं म्हणतात. मी कौसाबाईला विचारलं, सांगू का त्यांना? ती म्हणाली, "लिहू द्या की. चांगल्या माणसाचं मन काहून मोडायचं?" तेव्हा मी सांगणार नाही. तूही सांगू नकोस.

मला फक्त एवढंच सांग, लांडग्या. त्या दिवशी तरी पोट भरलं ना तुझं?